प्रेक्षकगृह आणि मतदारसंघ

रुपेरी पडद्यावर नाव मिळवून मग राजकारणाच्या आखाड्यात उतरलेल्या स्त्रीचे चरित्र लिहावयास बसणाऱ्यापुढे दोन मळलेल्या वाटा आयत्याच असतात. एक गुणगौरवाची, तिच्यात कीर्ती हेच कर्तृत्वाचे प्रमाण मानून पुढची सारी यशापयशे त्याच खाती जमा केली जातात. दुसरी उपहासाची, तिच्यात ‘हिला राजकारणातले काय कळते’ हा प्रश्न पहिल्याच पानावर टाकून त्याचे उत्तरही त्याच पानावर देऊन टाकले जाते. उर्मिला मातोंडकर यांच्या आयुष्याचा वृत्तान्त पुढील पृष्ठांत आला आहे तो या दोन्ही वाटा सोडून आला आहे, आणि तेवढ्याचसाठी त्याला प्रस्तावना जोडण्याचे मी पत्करले. ज्या अभिनेत्रीने एकच निवडणूक लढविली, तीही मोठ्या फरकाने गमावली, आणि जिला आजवर कोणतेही सत्तापद मिळाले नाही, तिच्या राजकीय आयुष्यात सांगण्याजोगे ते काय, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, यशस्वी उमेदवाराच्या बखरीत राजकारणाची यंत्रणा झाकली जाते. अयशस्वी उमेदवाराच्या कैफियतीत ती पुरती उघडी पडते.

मुंबईत जन्मलेल्या, मुंबईतच नावारूपाला आलेल्या आणि मुंबईतूनच निवडणूक लढविलेल्या अभिनेत्रीसंबंधी नाशिककराने चार शब्द का लिहावेत, ही शंकाही रास्त आहे. तिच्या निरसनासाठी त्र्यंबकेश्वरी 30 एप्रिल 1870 रोजी जन्मलेल्या आणि नाशकातच 16 फेब्रुवारी 1944 रोजी निवर्तलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांच्याकडे वळावे लागते. ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती शोधताना दादासाहेबांनी केलेल्या खटपटी सर्वश्रुत आहेत. कुलीन घरातील स्त्री मिळणार नाही हे त्यांनी गृहीतच धरले होते; परंतु समाजाने ज्यांना आधीच वाळीत टाकले होते त्या वारांगनाही कॅमेऱ्यापुढे उभ्या राहण्यास राजी होईनात, आणि अखेरीस ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहातला अण्णा साळुंके नावाचा तरुण लुगडे नेसून तारामती झाला. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये मुंबईकरांनी जी पहिली भारतीय नायिका पाहिली, ती अशी पुरुष होती. त्याच वेळी दादरच्या घरात सरस्वतीबाई फाळके रात्री अंधारात बसून कच्च्या फिल्मच्या कडांना छिद्रे पाडीत होत्या, रसायनांत फिल्म धूत होत्या आणि कंपनीतल्या 60-70 माणसांचा स्वयंपाकही रांधीत होत्या. म्हणजे चित्रपटाच्या कारखान्यात स्त्री पहिल्या दिवसापासून होतीच, फक्त तिने पडद्यावर दिसावयाचे नव्हते. पुढे फाळक्यांनी बिऱ्हाड आणि कारखाना दोन्ही नाशकास हलविले, आणि येथे तयार झालेल्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या व त्यांची कन्या कमलाबाई मोहिनी. तरीही 1917 सालच्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंक्यांनीच वठविल्या, एकदा उघडलेली वाट लगेच रहदारीची होत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

नाशिकचा आणि चित्रपटाचा संबंध एवढ्यावर संपत नाही. कुसुमाग्रज म्हणून महाराष्ट्राला पुढे पूज्य झालेल्या वि. वा. शिरवाडकरांनी तरुणपणी येथल्याच गोदावरी सिनेटोनच्या ‘सती सुलोचना’ या 1934 सालच्या चित्रपटाची कथा लिहिली आणि तीत लक्ष्मणाचे कामही केले, ही गोष्ट त्यांच्या काव्याची पारायणे करणाऱ्या कित्येकांना ठाऊक नसते. तेव्हा कलावंताने एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात जाणे हे या गावाला नवे नाही. अडते कोठे, तर ते क्षेत्र राजकारण असते आणि जाणारी व्यक्ती स्त्री असते तेव्हा.

उर्मिला मातोंडकर यांचा जन्म 4 फेब्रुवारी 1974 चा. वयाची सहा-सात वर्षे होतात न होतात तोच त्या डॉ. श्रीराम लागूंच्या ‘झाकोळ’ या मराठी चित्रपटात दिसल्या, आणि श्याम बेनेगल यांच्या ‘कलयुग’मध्ये तर महाभारताच्या आधुनिक रूपांतरातला परीक्षित, म्हणजे मुलगा, झाल्या. फाळक्यांची कन्या मंदाकिनी ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्ण झाली होती तो 1919 चा प्रसंग येथे सहज आठवतो, मुलीने मुलाचे सोंग घेणे आपल्या चित्रपटसृष्टीला पहिल्यापासून निभावले, त्याच्या उलट सोंगाची मात्र तिला पुढे लाज वाटू लागली. 1983 साली शेखर कपूर यांच्या ‘मासूम’ने त्या घरोघरी पोहोचल्या, 1991 च्या ‘नरसिंहा’ने हिंदीत नायिका झाल्या, आणि 1995 च्या सप्टेंबरात ‘रंगीला’ आला. रामगोपाल वर्मा यांच्या त्या चित्रपटातील मिली जोशी ही गर्दीत नाचणारी मध्यमवर्गीय मराठी मुलगी एका रात्रीत नायिका होते, आणि प्रत्यक्षातही नेमके तसेच घडले. ए. आर. रहमान यांचे संगीत, मनीष मल्होत्रा यांची वेशभूषा आणि आशा भोसले यांचा साठी ओलांडलेला, तरीही अठरा वर्षांच्या मुलीला शोभणारा आवाज यांच्या त्रिवेणीसंगमात अभिनेत्रीकडे मात्र लोकांनी अभिनेत्री म्हणून पाहिलेच नाही. पाहिले ते तिच्या रूपाकडे, आणि तोच शिक्का पुढे पंचवीस वर्षे वहिवाटीने चालत राहिला.

तो शिक्का अन्यायाचा होता असे माझे मत आहे, आणि त्यासाठी तीन चित्रपटांतले तीन प्रसंग पुरावा म्हणून पुढे करतो. 1998 च्या ‘सत्या’मध्ये विद्या ही चाळीत राहणारी, साध्या सुती वस्त्रांतली, गाण्याचे काम मिळविण्यासाठी धडपडणारी मुलगी आहे. शेजारी राहणारा, आपण ज्याच्यावर प्रेम करतो तो मनुष्य खुनी टोळीतला आहे हे तिला अगदी अखेरीस कळते. तो जखमी होऊन तिच्या दाराशी येतो, विनवण्या करतो, आणि आत ती रडत उभी असते. कडी काढीत नाही. पुढच्याच वर्षीच्या ‘कौन’मध्ये एका वादळी पावसाच्या दिवशी एकटी स्त्री घरात आहे, दूरचित्रवाणीवर माथेफिरू खुन्याची बातमी चालू आहे, आणि दारावरची घंटा वाजते. तीनच पात्रांच्या, गाण्याविना चालणाऱ्या त्या चित्रपटाचा केवढा तरी भाग दाराच्या अलीकडे-पलीकडे चाललेल्या बोलाचालीतच जातो, आणि भीतीने अर्धवट उघडलेल्या त्या ओठांवर नेमका किती विश्वास ठेवावा हे प्रेक्षकाला शेवटपर्यंत उमगत नाही. तिसरा प्रसंग 2003 च्या ‘पिंजर’मधला. अमृता प्रीतम यांच्या कादंबरीवर डॉ. चंद्रप्रकाश द्विवेदी यांनी काढलेल्या या चित्रपटात पळवून नेलेली पुरो रात्रीच्या अंधारात कशीबशी निसटून आईबापांच्या घरी येते, आणि वैर ओढवेल या भयाने आईबाप तिला परत पाठवितात. येथे ती दाराबाहेर आहे. आत राहून दार न उघडणारी, उघडावे की नाही याचा थांग न लागू देणारी, आणि बाहेर उभी राहून नाकारली गेलेली, अशा तीन अवस्था एकाच अभिनेत्रीने पाच वर्षांच्या अवधीत उभ्या केल्या. तिन्ही चित्रपटांत मनोज वाजपेयी यांच्यासारखा कसलेला नट होता हा योगायोग असेल. परंतु त्याच्यापुढे त्या कोठेही उण्या पडत नाहीत, ही गोष्ट योगायोगाने घडत नाही.

‘भूत’साठी मिळालेला समीक्षकांचा फिल्मफेअर पुरस्कार, ‘एक हसीना थी’मधली सूड उगविणारी सारिका, जाह्नू बरुआ यांच्या ‘मैंने गांधी को नहीं मारा’मधली स्मृतिभ्रंश झालेल्या पित्याला सांभाळणारी कन्या, यांचा परामर्श पुढे योग्य ठिकाणी आला आहे, येथे त्याची पुनरुक्ती नको. एका मराठी चित्रपटाचा मात्र उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. 2014 साली सुजय डहाके यांच्या ‘आजोबा’मध्ये उर्मिलाबाईंनी वन्यजीव-संशोधिकेची भूमिका केली. ती कथा एका खऱ्या बिबट्याची आहे. नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेला हा बिबट्या गळ्यात पट्टा घालून माळशेज घाटात सोडण्यात आला, आणि तेथून कसारा, मुंबई-आग्रा रस्ता ओलांडीत तो थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. उसाच्या फडात आणि कॉलनीच्या कुंपणावर बिबट्या पाहण्याची सवय झालेल्या नाशिककरांना ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. पण चित्रपट फारसा चालला नाही.

आता राजकारणाकडे वळू. 27 मार्च 2019 रोजी उर्मिला मातोंडकर यांनी काँग्रेस पक्षात प्रवेश केला. त्यानंतर दोनच दिवसांत त्यांची उमेदवारी उत्तर मुंबई मतदारसंघातून जाहीर झाली. 29 एप्रिलला मतदान झाले. म्हणजे पक्षप्रवेशापासून मतदानापर्यंत एक महिना आणि दोन दिवस एवढीच मुदत त्यांच्या हाती होती. मतदारसंघही कोणता, तर बोरीवली, दहिसर, मागाठाणे, कांदिवली, चारकोप आणि मालाड या वस्त्यांचा. 1989 पासून राम नाईक यांनी तो सलग पाच वेळा जिंकला. 2004 साली नट गोविंदाने त्यांना हरविले खरे, परंतु 2014 साली भारतीय जनता पक्षाचे गोपाळ शेट्टी तेथून 4,46,582 मतांच्या आधिक्याने निवडून आले होते. अशा ठिकाणी पक्षाचे जुने मातब्बर सहसा फिरकत नाहीत. नवख्या, नामांकित उमेदवाराचे नाव मात्र तेथे तत्परतेने सुचविले जाते. 23 मे रोजी निकाल लागला तेव्हा शेट्टी यांना 7,06,678 मते होती आणि मातोंडकर यांना 2,41,431. पराभव 4,65,247 मतांचा. वर्तमानपत्रांनी एवढाच आकडा छापला. 2014 च्या काँग्रेस उमेदवारापेक्षा त्यांना 24,009 मते अधिक पडली होती आणि अनामत शाबूत राहिली होती, हे पाहण्याची सवड कोणाला नव्हती.

येथे माझा मूळ मुद्दा येतो. चित्रपटाच्या लोकप्रियतेचे मतांत रूपांतर होते की नाही, हा प्रश्न आपण व्यक्तीपुरता विचारतो. वास्तविक तो भाषेचा आणि भूगोलाचा आहे. तामिळनाडूत एम. जी. रामचंद्रन 1977 साली मुख्यमंत्री झाले आणि 1991 साली जयललिता झाल्या, तेव्हा त्यांचा चित्रपट ज्या भाषेचा होता त्याच भाषेचा प्रांत होता, त्याच प्रांताचे सरकार होते, आणि गावोगावची रसिक मंडळे हीच पक्षाची शाखा होती. प्रेक्षकांची यादी आणि मतदारांची यादी यांत तेथे फारसा फरकच उरला नव्हता. आंध्रात एन. टी. रामाराव यांनी 1982 साली पक्ष काढला आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी ते मुख्यमंत्री झाले, त्याचेही मर्म हेच. मराठी नटी मात्र मोठी होते ती हिंदीत, आणि हिंदीतली कीर्ती सबंध देशावर इतकी पातळ पसरलेली असते की कोणत्याही एका मतदारसंघात ती ओंजळभरही साठत नाही. पाटणा, इंदूर, लखनौ येथे ‘रंगीला’ पाहून शिट्या मारणाऱ्यांना कांदिवलीत मत नसते, आणि कांदिवलीत ज्यांना मत असते ते ‘रंगीला’ आवडला म्हणून आपला पक्ष बदलीत नाहीत.

शिवाय महाराष्ट्राचा म्हणून एक निराळा शिरस्ता आहे. येथे कलावंताने राजकारणाला आवाज द्यावा, खुर्ची मागू नये, अशी अलिखित अपेक्षा असते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांनी मैदाने गाजविली. 1977 साली पु. ल. देशपांडे प्रचाराच्या सभांतून बोलले. दादा कोंडके शिवसेनेच्या व्यासपीठांवरून लोकांना हसवून सोडीत. आचार्य अत्रे 1957 साली विधानसभेत गेले, पण ते अत्रे होते. अपवादाने नियम मोडत नाही. कलावंत सभागृहात गेलाच तर बहुधा नामनिर्देशनाने गेला. ग. दि. माडगूळकर असे विधान परिषदेवर होते, नर्गिस 1980 साली राज्यसभेवर गेल्या, लता मंगेशकर 1999 साली. सन्मानाचे आसन देऊन कलावंताला मत मागण्यापासून दूर ठेवण्याची ही तजवीज वरून आदराची दिसते. तिच्यात अविश्वासही तितकाच असतो.

पराभवानंतरचे प्रकरण अधिक बोधप्रद आहे. 16 मे रोजी, निकालाच्याही आधी, उर्मिलाबाईंनी मुंबई काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष मिलिंद देवरा यांना एक गोपनीय पत्र लिहून प्रचारात कोणी कोणी कुचराई केली याची नावानिशी तक्रार केली. ते पत्र पुढे वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचले. ज्यांच्याविषयी तक्रार होती त्यांच्यावर कारवाई झाली नाही. आणि 10 सप्टेंबर 2019 रोजी त्यांनी पक्षांतर्गत क्षुद्र राजकारणावर ठपका ठेवून राजीनामा दिला. त्यांच्या संतापाशी मी सहमत आहे, राजीनाम्याशी नाही. पक्षाच्या कचेरीत खासगी पत्राला पाय फुटणे हे राजकारणातले अघटित नव्हे, तो नित्याचा व्यवहार आहे. आणि साडेपाच महिन्यांत जी व्यक्ती पक्ष सोडून जाते तिच्यावर कार्यकर्ता पुढच्या खेपेस जीव टाकीत नाही. आमच्या नाशकात शांताबाई दाणी होऊन गेल्या. दादासाहेब गायकवाडांच्या बरोबरीने दलित चळवळीत राबलेल्या, आपल्या पक्षाची फाटाफूट उघड्या डोळ्यांनी पाहिलेल्या, विधान परिषदेत बसलेल्या आणि तरीही अखेरपर्यंत मुलींच्या शिक्षणाच्या कामात रमलेल्या त्या बाईंनी किती अपमान गिळले असतील याची मोजदाद कोणी ठेवली नाही. अर्थात शांताबाईंना चळवळीने घडविले होते. एका महिन्याच्या मुदतीवर उमेदवार केलेल्या स्त्रीकडून तसल्या तितिक्षेची अपेक्षा करणे हे मलाही थोडे निष्ठुरपणाचे वाटते, पण मत बदलावेसे वाटत नाही.

1 डिसेंबर 2020 रोजी उर्मिलाबाईंनी शिवसेनेत प्रवेश केला. त्याच्या आधी सप्टेंबरात कंगना राणावत यांनी मुंबईविषयी काढलेल्या उद्गारांना उर्मिलाबाईंनी सडेतोड उत्तर दिले होते, आणि त्याचे प्रत्युत्तर म्हणून दूरचित्रवाणीवरच्या एका मुलाखतीत त्यांच्या सबंध कारकिर्दीवर अश्लीलतेचा शिक्का मारण्यात आला. ज्या लोकलज्जेमुळे फाळक्यांना तारामती मिळाली नव्हती तीच लोकलज्जा 107 वर्षांनी पुन्हा बाहेर काढण्यात आली, आणि काढणारी स्वतः अभिनेत्री होती. ‘पिंजर’ करणाऱ्या स्त्रीला हे ऐकून घ्यावे लागले! 2024 साली राणावत मंडीतून, म्हणजे आपल्या जन्मजिल्ह्यातून, आपल्या पक्षाच्या बळकट यंत्रणेच्या खांद्यावरून लोकसभेत गेल्या. उर्मिला मातोंडकर त्या निवडणुकीत उमेदवारच नव्हत्या. यावरून दोघींच्या भांडणाचा निवाडा मतदारांनी केला असे कोणी म्हणेल, तर त्याने आधी मंडी आणि उत्तर मुंबई यांच्या मतदारयाद्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

राहता राहिली ती बारा नावांची यादी. संविधानाच्या 171 व्या अनुच्छेदाप्रमाणे साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांतील जाणकारांना राज्यपाल विधान परिषदेवर नियुक्त करतात. महाराष्ट्रात अशा जागा 12 आहेत. नोव्हेंबर 2020 मध्ये महाविकास आघाडी सरकारने जी शिफारस धाडली तीत कलेच्या सदरात उर्मिला मातोंडकर यांचे नाव होते. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी ती यादी मंजूरही केली नाही आणि फेटाळलीही नाही. नाशिकच्याच एका रहिवाशाने याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि 13 ऑगस्ट 2021 रोजी न्यायालयाने सांगितले की शिफारस स्वीकारणे अथवा परत पाठविणे हे राज्यपालांचे कर्तव्य असून ते वाजवी मुदतीत पार पडले पाहिजे. कागद तरीही हलला नाही. जून 2022 मध्ये शिवसेना फुटली, सरकार पडले, आणि नव्या सरकारने ती यादी मागे घेतली. पुढे 15 ऑक्टोबर 2024 रोजी, विधानसभेची निवडणूक जाहीर होण्याच्या दिवशीच, बारांपैकी सात जागांवर नवे सदस्य शपथ घेऊन आले. त्यांत एक धर्मगुरू होते, आमच्या जिल्ह्यातील नांदगावचे माजी आमदार पंकज भुजबळ होते, आणि निरनिराळ्या पक्षांचे पदाधिकारी होते. नाटक-चित्रपटांतले कोणीही नव्हते.